भुतांचें कूळ आणि हास्याचें मूळ



ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज मी ज्यांचें कूळ शोधावयास निघालों आहें, ती मंडळी ऋषींपैकीं नव्हे. तथापि त्यांच्या मुळाची चौकशी करणें हेंहि कित्येकांना अप्रशस्त वाटेल. कारण हीं पात्रें भुतांच्या, प्रेतांच्या आणि घातकी मनुष्यांच्या जातीचीं असून लोकांना हंसविण्यासाठीं जन्मलेलीं आहेत. इंग्रजी नियतकालिकांतील व्यंगचित्रांत तीं प्रथम अवतरलीं, तेथून ग्रंथांत शिरलीं, बोलपटांत गेलीं, आणि आतां तर आपल्या घरांतील मुलेंहि त्यांतल्या कित्येकांना नांवानें ओळखतात.

प्रथम एक चित्र आपल्या मनश्चक्षूंपुढें उभें करतों. नाताळचे दिवस आहेत. सर्वत्र बर्फ पडलें आहे. एका जुनाट, उंच, पडक्या वाड्याच्या दारांत कांहीं भाविक मंडळी नाताळचीं गाणीं म्हणत उभी आहे. आणि वर, अगदीं छपराच्या कडेला, त्या घरांतील माणसें एक मोठी वाफाळणारी कढई हळूच कलती करीत आहेत. चित्राखालीं एक अक्षरहि नाहीं. सन १९४६ च्या डिसेंबरांत न्यू यॉर्क येथील ‘न्यू यॉर्कर’ नांवाच्या साप्ताहिकांत हें चित्र आलें, आणि त्या साप्ताहिकाच्या अत्यंत गाजलेल्या चित्रांत आज त्याची गणना होते. चित्रकाराचें नांव चार्ल्स अ‍ॅडम्स.

हें पाहून मनुष्य आधीं हंसतो आणि मग दचकून स्वतःला विचारतो कीं, आपण हंसलों तरी कशाला? त्यापुढचा प्रश्न साहजिकच चित्रकाराविषयीं असतो: असलें कांहीं ज्याला सुचतें, त्याचें डोकें ठिकाणावर असेल काय?

हा दुसरा प्रश्न मीं स्वतः एकदां विचारला होता. आणि तो विचारून न थांबतां त्याचें उत्तरहि स्वतःच देऊन टाकलें होतें. मी शिक्षक असतांनाची गोष्ट. एका मुलाच्या वहीच्या मागल्या पानावर मला एक चित्र सांपडलें. एक सांगाडा हातांत छडी घेऊन फळ्यापुढें उभा आहे आणि समोर वर्ग बसला आहे. मीं तें पान फाडलें, मुलाला उभें केलें, आणि सर्व वर्गासमक्ष त्याला सांगितलें कीं, ज्याचें मन निकोप आहे त्याच्या हातून असें चित्र उतरत नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानंतर मात्र त्याच्या वहींत मला कोणतेंच चित्र कधीं दिसलें नाहीं, आणि त्या वेळीं मला तें माझें यश वाटलें. पुढें निवृत्त झाल्यावर या विषयावरील वाचन घडलें आणि आपण दिलेला निकाल पुन्हां तपासून पाहावा असें वाटूं लागलें. आजचें हें भाषण म्हणजे एका अर्थीं त्या निकालाची फेरतपासणी आहे.

युरोपांत मृत्यूचें चित्र काढून त्यांत विनोद साधण्याची प्रथा फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास प्लेगनें तो खंड उजाड केला. त्यानंतरच्या काळांत ‘मृत्यूचें नृत्य’ या विषयाचीं चित्रें प्रचारांत आलीं. पॅरिसमधील एका दफनभूमीच्या भिंतीवर सन १४२४-२५ मध्यें असें एक विस्तीर्ण चित्र रंगविण्यांत आलें होतें. त्यांत सांगाडे राजापासून रंकापर्यंत सर्वांचे हात धरून त्यांना नाचवीत नेत होते. सन १५३८ मध्यें हान्स होल्बाइन या चित्रकाराची याच विषयावरील काष्ठठशांची चित्रमाला लियों शहरीं ग्रंथरूपानें छापली गेली. तींत मृत्यु न्यायाधीशाकडे जातो, व्यापाऱ्याकडे जातो, नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याकडे जातो, आणि चुलीपाशीं बसलेल्या आईचें लेकरूंहि हात धरून घेऊन जातो. पुढें इंग्लंडांत टॉमस रोलंडसन यानें सन १८१४ ते १८१६ या काळांत तोच विषय घेऊन चित्रें काढलीं, आणि विशेष हें कीं, तीं महिन्याच्या महिन्याला भागशः प्रसिद्ध होत असत. अर्थात् मृत्यूच्या थट्टेची वाट पाहणारा मासिकांचा वाचकवर्ग दोनशें वर्षांहून अधिक जुना आहे. मेक्सिकोमध्यें होसे ग्वादालूपे पोसादा यानें स्वस्त छापील पत्रकांवर टोपी घातलेल्या, नटलेल्या, घोड्यावर बसलेल्या सांगाड्यांची एक दुनियाच उभी केली. सन १९१३ मध्यें तो वारला तेव्हां तो दरिद्री होता, पण त्याचे सांगाडे आज त्या देशाचें जणूं चिन्ह होऊन बसले आहेत.

याच्या जोडीला दुसरी एक परंपरा आहे, ती बालवाङ्मयाची. सन १८४५ मध्यें फ्रांकफुर्टचे एक डॉक्टर, हाइनरिख होफमान, यांनीं स्वतःच्या लहान मुलासाठीं केलेलें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत आंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही आंगठे एक शिंपी कात्रीनें कापून टाकतो. सन १८६५ मध्यें विल्हेल्म बुश या जर्मन चित्रकारानें दोन व्रात्य पोरांची चित्रकथा लिहिली. तिच्या अखेरीस तीं पोरें जात्यांत दळलीं जातात आणि त्यांचा भरडा बदकें खाऊन टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या जर्मन मुलें या गोष्टी वाचून खिदळत आलीं आहेत.

या दोन्ही परंपरांतील एक समान धागा लक्षांत ठेवावा. पहिल्या परंपरेंत मृत्यु हा पाहुणा आहे. तो बाहेरून येतो, कोणास तरी घेऊन जातो, आणि पाहणाऱ्यास म्हणतो कीं, सांभाळून वाग. दुसऱ्या परंपरेंत व्रात्य मुलाला भयंकर शिक्षा होते, आणि तीहि हेंच सांगते. म्हणजे चित्र कितीहि भेसूर असलें तरी त्याच्या मागें एक पंतोजी छडी घेऊन उभा होता. विसाव्या शतकांतल्या नियतकालिकांनीं हा पंतोजी बाजूला सारला. तो कसा सारला गेला, हें मी दोन उदाहरणांनीं सांगणार आहें. एक उदाहरण आहे घराचें आणि दुसरें शाळेचें.

घर अर्थातच अ‍ॅडम्सचें. चार्ल्स अ‍ॅडम्स ७ जानेवारी १९१२ रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत वेस्टफील्ड या गांवीं जन्मला. गांव सुखवस्तु, सावलीच्या रस्त्यांचें. त्याचे वडील पियानो करणाऱ्या एका कंपनींत नोकरीस होते. बाळपणीं त्यानें हाल काढले, त्याला कोणी छळलें, असें कांहींहि नाहीं. मुलगा खोडकर होता आणि त्याला जुनीं घरें व दफनभूमि यांचें आकर्षण होतें, इतकेंच. एकदां एका जुन्या घरांत शिरल्याबद्दल पोलिसांनीं त्याला पकडलें होतें. त्या घराच्या गाडीखान्यांत खडूनें काढलेला एक सांगाडा आहे, आणि तो याच मुलाच्या हातचा असें मानतात. हें वाचलें तेव्हां मला माझ्या वर्गांतल्या त्या वहीच्या पानाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

तरुणपणीं चित्रकलेचें शिक्षण घेत असतांनाच, म्हणजे सन १९३२ च्या फेब्रुवारींत, त्याचें एक लहानसें रेखाचित्र ‘न्यू यॉर्कर’नें घेतलें. परंतु तेवढ्यानें पोट भरण्याजोगें नव्हतें. म्हणून त्यानें खऱ्याखुऱ्या गुन्ह्यांच्या हकीकती छापणाऱ्या एका स्वस्त मासिकांत नोकरी धरली. काम काय, तर खून झालेल्या माणसांच्या छायाचित्रांतील रक्ताचे डाग पुसून तीं छापण्याजोगीं करणें! पुढें तो थट्टेनें म्हणे कीं, तीं प्रेतें होतीं तशींच अधिक पाहण्याजोगीं होतीं. या थट्टेंत त्याच्या कलेचें एक मर्म आहे. भयानक गोष्ट झांकून, पुसून, सभ्य करून दाखविण्याचा उद्योग त्यानें पगार घेऊन केला होता; त्यामुळें सभ्यपणा आणि भयानकपणा हे एकमेकांच्या किती जवळ बसतात हें त्याला आयतेंच कळलें.

सन १९३८ च्या ऑगस्टांत त्याचें जें चित्र प्रसिद्ध झालें, त्यांत या प्रसिद्ध कुटुंबाचा जन्म झाला. एका प्रशस्त पण कोळिष्टकांनीं भरलेल्या दिवाणखान्यांत धूळ ओढून घेणाऱ्या विजेच्या यंत्राचा विक्रेता उभा आहे. समोर काळ्या वस्त्रांतील एक सडपातळ स्त्री आणि तिच्या मागें एक दांडगा दाढीवाला नोकर. जिन्याचा कठडा मोडलेला आहे, आणि वरून कोणीतरी डोकावत आहे. आणि विक्रेता मात्र पाठ केलेलें भाषण म्हणत आहे कीं, नीटनेटक्या घरीं हें यंत्र असलेंच पाहिजे! एवढाच विनोद. यांत कोणी मरत नाहीं, कोणी कोणाला मारीत नाहीं. हंसूं येतें तें भुतांचें नव्हे; समोर काय आहे तें न पाहतां बोलत सुटणाऱ्या त्या सद्‌गृहस्थाचें येतें.

त्या वेळीं चित्रकाराच्या मनांत कुटुंब वगैरे कांहीं नव्हतें. साप्ताहिकाचे संस्थापक व संपादक हॅरल्ड रॉस यांना तें चित्र आवडलें आणि त्यांनीं त्याला आणखी अशींच काढण्यास उत्तेजन दिलें. मग पुढील वर्षांत एकेक पात्र येत गेलें: मिशीवाला ठेंगणा पति, टकल्या मामा, चेटकिणीसारखी आजी, एक फिकट मुलगी आणि एक गुबगुबीत मुलगा. कोणालाहि नांव नव्हतें. नांवें लागलीं तीं फार उशिरां, साठ सालानंतर, खेळण्यांतल्या बाहुल्या आणि दूरचित्रवाणीवरील मालिका निघावयाची वेळ आली तेव्हां. मुलीचें नांव ‘वेन्सडे’, म्हणजे बुधवार, असें पडलें. वारांप्रमाणें मुलांचे स्वभाव सांगणारें एक जुनें इंग्रजी बालगीत आहे आणि त्यांत बुधवारच्या वांट्यास दुःख आलेलें आहे.

आतां हीं पात्रें नेमकीं याच काळीं, याच ठिकाणीं कां जन्मलीं, याचा विचार करूं. मला यांत चार कारणें दिसतात. पहिलें कारण तें घरच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील धनिकांनीं मनोरे, कंगोरे आणि उतरतीं छपरें असलेले मोठाले वाडे बांधले होते. सन १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर ते सांभाळणें अनेकांना अशक्य झालें. कांहीं ओस पडले, कांहींच्या खाणावळी झाल्या, कांहीं पाडले गेले. एडवर्ड हॉपर या चित्रकारानें सन १९२५ मध्येंच रेल्वेच्या रुळांपलीकडे एकाकी उभा असलेला असा एक वाडा रंगविला होता. म्हणजे झपाटलेलें घर हें अमेरिकन वाचकाला परीकथेंतलें वाटत नव्हतें. गांवच्या कोपऱ्यावर तें उभेंच होतें. दुसरें कारण बोलपट. सन १९३१ या एकाच वर्षीं ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन यांचे बोलपट निघाले, आणि भुताचा चेहरा कसा असतो हें साऱ्या देशाला ठाऊक झालें. त्यांतील राक्षसाची भूमिका करणारा नट बोरिस कार्लोफ यानेंच सन १९४२ मध्यें अ‍ॅडम्सच्या पहिल्या चित्रसंग्रहाला प्रस्तावना लिहिली. तिसरें कारण गुन्ह्यांच्या मासिकांचें. तें मीं वर सांगितलेंच.

चवथें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि तें म्हणजे त्या साप्ताहिकाची व्यंगचित्राविषयींची दृष्टि. तेथें एक चित्र आणि त्याखालीं फार तर एक वाक्य, असा दंडक होता. दर आठवड्याला संपादकमंडळ एकत्र बसून आलेल्या रेखाटनांची चिकित्सा करी. या चित्रांत बोलतो आहे कोण, असा रॉस यांचा ठरलेला प्रश्न असे. जो भाग वाचकाच्या कल्पनेवर सोडतां येईल तो चित्रांत काढावयाचा नाहीं, ही शिस्त त्यांतून आली. म्हणून त्या नाताळच्या चित्रांत कढई अद्याप कलंडलेली नाहीं. तेल खालीं सांडलेलें दाखविलें असतें, तर तें चित्र भीषण झालें असतें. कढई हवेंत थांबली म्हणूनच तें विनोदी राहिलें. सन १९४० मधील त्याचें दुसरें प्रसिद्ध चित्र पाहा. बर्फावरून घसरत जाणाऱ्या एका मनुष्याच्या दोन पट्ट्यांच्या खुणा एका झाडाच्या दोन बाजूंनीं गेलेल्या आहेत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. मनुष्य पुढें सुखरूप चालला आहे. हें घडलें कसें, तें चित्रकार सांगत नाहीं आणि पाहणाऱ्यास उमगत नाहीं.

आतां त्या कुटुंबाचा स्वभाव पाहूं. पतिपत्नींचें एकमेकांवर निरतिशय प्रेम आहे. एका चित्रांत पति मोठ्या जिव्हाळ्यानें पत्नीला विचारतो कीं, तूं दुःखी आहेस ना? आणि ती समाधानानें सांगते कीं, अगदीं संपूर्णपणें! मुलांच्या उद्योगांकडे आईबापांचें लक्ष आहे. म्हातारी आजी घरांतच आहे, टकल्या मामा घरांतच आहे, त्यांना कोणी बाहेर काढलेलें नाहीं. शेजाऱ्यांकडे उसनें मागावयास जाण्याचीहि चाल आहे. फक्त मागावयाचें तें वाटीभर विष! ज्या एकत्र कुटुंबाची आपण व्याख्यानांतून स्तुति करतों, त्याचे सर्व गुण या घरीं आहेत. उलटी झाली आहे ती केवळ त्यांची आवड. जुन्या चित्रांत मृत्यु पाहुणा म्हणून येई. येथें तो यजमान झाला आहे, आणि पाहुणे आपण झालों आहोंत. सुखी घर म्हणजे आपल्या घरासारखें घर, ही आपली जी बेसावध समजूत असते, तिला हें चित्र चिमटा काढतें.

अशा चित्रकाराविषयीं दंतकथा उठल्या नसत्या तरच नवल. तो वर्षांतून एकदां वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन येतो, आणि अमुक एक चित्र काढूं लागला कीं त्याची वेळ भरली असें समजावें, अशी वार्ता कित्येक वर्षें प्रचलित होती. तींत तथ्य नव्हतें. मनुष्य मनमिळाऊ, गप्पिष्ट, जुन्या मोटारींचा शोकी. घरीं जुनीं आडवीं धनुष्यें आणि चिलखतें जमविण्याचा त्याला नाद होता, एवढेंच काय तें वेगळेपण. शिवाय त्या काळीं त्या साप्ताहिकांत कल्पना एकाची आणि चित्र दुसऱ्याचें, अशी पद्धत रूढ होती, आणि अ‍ॅडम्सलाहि इतरांकडून कल्पना मिळत. जें चित्र संपादक, कल्पक आणि चित्रकार अशा तिघांनीं मिळून सिद्ध केलें, तें एकाच्या मनाच्या विकृतीचा पुरावा कसें ठरेल?

सन १९६४ मध्यें हें कुटुंब दूरचित्रवाणीवर आलें आणि दोन वर्षें चाललें. त्याबरोबर साप्ताहिकाचे तेव्हांचे संपादक विल्यम शॉन यांनीं त्या पात्रांना आपल्या पानांतून रजा दिली. सन १९८७ मध्यें ते संपादकपदावरून गेले तोंपर्यंत ती रजा कायम होती. सन १९८८ च्या सप्टेंबरांत अ‍ॅडम्स वारला. त्यानें जन्मभरांत तेराशेंहून अधिक व्यंगचित्रें काढलीं, आणि त्यांत या कुटुंबाचीं चित्रें थोडींच होतीं. परंतु सन १९९१ व १९९३ मधील चित्रपट आणि सन २०२२ मध्यें निघालेली त्या बुधवारच्या मुलीची मालिका यांनीं तेवढींच जगभर नेलीं.

घराची कथा येथें संपली, आतां शाळेची. कोणी म्हणेल कीं, अ‍ॅडम्सला दुःख ठाऊक नव्हतें म्हणून तो मृत्यूला हंसला. तर ज्याला तें पुरेपूर ठाऊक झालें अशाचें उदाहरण घेऊं. रोनाल्ड सर्ल हा सन १९२० मध्यें इंग्लंडांत केंब्रिज येथें एका रेल्वे हमालाच्या घरीं जन्मला. पंधराव्या वर्षीं शाळा सुटली; दिवसा नोकरी आणि रात्रीं चित्रकलेचा वर्ग, असा त्याचा क्रम होता. सन १९३९ मध्यें तो लष्करांत गेला. स्कॉटलंडमध्यें त्याची तुकडी असतां एका कुटुंबाशीं त्याची ओळख झाली. त्या घरच्या दोन मुली एडिंबरोच्या सेंट ट्रिनियन्स नांवाच्या शाळेंत शिकत होत्या. ही खरी शाळा सन १९२२ मध्यें सुरू झाली होती, आणि तेथें डाल्टन पद्धतीनें, म्हणजे मुलींनीं आपला अभ्यास व शिस्त बरीचशी आपणच सांभाळावी या तत्त्वावर, शिक्षण दिलें जाई. आम्हां शिक्षकांना या पद्धतीचें नांव चांगलें परिचित आहे, आणि तिच्यावरील आक्षेपहि परिचित आहेत. मुलींना मोकळीक दिली तर काय अनर्थ होईल, ही जी वडीलधाऱ्यांची भीति, तीच सर्लनें चित्रांत उतरविली. पहिलें चित्र त्या मुलींच्या करमणुकीसाठींच होतें. सन १९४१ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘लिलिपुट’ मासिकांत तें प्रसिद्ध झालें: सूचनाफलकावर लावलें आहे कीं, आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळें सेंट ट्रिनियन्सविरुद्धचा सामना पुढें ढकलला आहे.

चित्र छापलें गेलें आणि चित्रकार पूर्वेकडे रवाना झाला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. हजारों हिंदी सैनिकांबरोबर सर्लहि जपान्यांचा कैदी झाला. पुढें त्याला सयाम आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या रेल्वेच्या कामावर नेलें. सुमारें ४१५ किलोमीटरचा तो मार्ग बांधतांना बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले, आणि त्यांच्याहून कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यांत मलायांतले तामिळ मजूरहि होते. सर्ल हिवतापानें व बेरीबेरीनें जर्जर झाला, परंतु तो चित्रें काढीत राहिला. सांपडला असता तर जीव गेला असता. म्हणून तीं चित्रें तो पटकीनें मरणाऱ्या सोबत्यांच्या अंथरुणाखालीं लपवी. कारण तेथें पहारेकरी फिरकत नसत. सुमारें तीनशें चित्रें त्यानें अशा रीतीनें वांचविलीं, आणि तीं आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्यें आहेत.

युद्धानंतर, सन १९४६ पासून, सेंट ट्रिनियन्सच्या मुली मासिकांत पुन्हां अवतरल्या, आणि या वेळीं त्या पूर्वीपेक्षां पुष्कळच क्रूर झाल्या होत्या. त्या दारू गाळतात, एकमेकींना छळयंत्रावर ताणतात, शिक्षिकांचा निकाल लावतात. त्याच वर्षीं खरी शाळा बंद झाली, हाहि एक योगायोग. या मुलींना होफमान अगर बुश यांच्या पोरांसारखी शिक्षा होत नाहीं. अ‍ॅडम्सच्या घरीं मृत्यु पाहुण्याचा यजमान झाला. सर्लच्या शाळेंत शिक्षा करणाराच पटलावरून नाहींसा झाला. मीं मघाशीं म्हटलें तो छडीवाला पंतोजी तो हाच. पन्नासाव्या दशकाच्या आरंभींच सर्ल या मुलींना कंटाळून थांबला, पण सन १९५४ मध्यें त्यांच्यावर बोलपट निघाला आणि त्यांचा कारभार त्याच्यावांचून पुढें चालूं राहिला. सन २०११ च्या डिसेंबरांत तो फ्रान्समध्यें वारला.

यावरून कोणी घाईनें असा निष्कर्ष काढील कीं, छावणींतील यातनांनीं त्याचें मन करपलें आणि त्यांतून या क्रूर मुली जन्मल्या. परंतु तारखा पाहाव्या. मुली आधीं जन्मल्या, छावणी मागून आली. छावणीनें त्या चित्रांना धार दिली असेल. जन्म दिलेला नाहीं. आणि याहून मोठी गोष्ट मला दिसते ती अशी. ज्या सोबत्यांना त्यानें मरतांना पाहिलें, त्यांचीं चित्रें त्यानें अत्यंत गंभीरपणें, जसें दिसलें तसें, थट्टेचा लेशहि न ठेवतां काढलीं आहेत. थट्टा त्यानें निराळी ठेवली, ती मासिकांतल्या मुलींसाठीं. खरा मृत्यु कोठें आणि चित्रांतला कोठें, ही सीमा ज्याला स्वच्छ दिसते, त्यालाच चित्रांतल्या मृत्यूला हंसतां येतें. ज्याचें मन बिघडलें त्याला ही सीमा दिसत नाहीं.

तेव्हां फेरतपासणीचा निकाल सांगतों. एक चित्रकार सुखी गांवांतून आला आणि दुसरा नरकांतून परतला. दोघांच्या हातून एकाच जातीचीं पात्रें निघालीं. म्हणून त्यांचें मूळ विकृतींतहि शोधतां येत नाहीं आणि केवळ दुःखांतहि शोधतां येत नाहीं. त्यांचें मूळ घर आणि शाळा यांत आहे, जेथें आपण अगदीं सुरक्षित आहोंत अशी आपली खात्री असते. त्या खात्रीकडे एका कोपऱ्यांतून पाहणारी एक तल्लख नजर, आणि ती नजर छापण्यास तयार असलेला एक संपादक, एवढें जुळलें कीं हीं भुतें जन्मास येतात.

माझ्या वर्गांतल्या मुलाला संपादक मिळाला नाहीं, मी मिळालों. आणि आतां एक गोष्ट, जी आरंभीं सांगितली नाहीं, ती सांगून टाकतों. त्या सांगाड्याच्या नाकावर चष्मा होता, आणि तो माझा होता. एक दांडी दोऱ्यानें बांधलेली, ती देखील त्यानें बरोबर काढली होती. मीं त्याच्या मनाच्या आरोग्याची काळजी करीत आहें असें सर्वांना सांगितलें. खरें पाहतां मला राग आला होता तो चष्म्याचा. दोरा दिसण्याइतकें बारकाईनें त्या मुलानें माझ्याकडे पाहिलें होतें, आणि मीं मात्र त्याचें चित्र धड पाहिलेंहि नाहीं.

आपल्या घरीं एखाद्या मुलाच्या वहींत असा सांगाडा सांपडला, तर पान फाडण्यापूर्वीं तें नीट पाहावें, आणि चष्मा कोणाचा आहे तें आधीं ओळखावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.